शब्दाचं मूळ कळल्याने हाती काय लागतं?

पारंबी

व्युत्पत्तीचा विषय निघाला की गप्पा बहुतेक वेळा "हो का? माहीतच नव्हतं!" इथवर येऊन थांबतात. चावी पोर्तुगीज, दुकान फारसी, अण्णा कानडी. ऐकायला छान वाटतं आणि विषय बदलतो. उलट "बोलायला येतं ना, मग शब्दाची कुंडली कशाला मांडायची?" असं म्हणणारेही पुष्कळ. मला व्युत्पत्ती याहून खूप मोठी गोष्ट वाटते. ती का, ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

रोजचे शब्द घेऊ. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. अग्नि, अग्गि, आग. मोठ्याने म्हणून पाहा. संस्कृतातल्या जोडाक्षराचं प्राकृतात द्वित्त होतं (म्हणजे तेच व्यंजन दुहेरी), मराठीत येताना ते द्वित्त सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. एवढा एक नियम हाताशी आला की पुढचे शब्द आपले आपण उलगडायला लागतात. गर्भ, गब्भ, गाभ. म्हणजे विषयाचा गाभा, देवळाचा गाभारा (गर्भागार) आणि गाभण गाय (गर्भिणी) ही एकाच घरातली मंडळी. आयुष्यभर हे तिन्ही शब्द वापरूनही त्यांचं नातं जाणवत नाही, आणि एकदा जाणवलं की 'विषयाचा गाभा' म्हणताना आत काहीतरी वाढत असल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग, तो म्हणजे ल आणि ळ. फल-फळ, जल-जळ, मूल-मूळ, काल-काळ. दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ल मराठीत ळ होतो. मग 'काल' (म्हणजे आजच्या आधीचा दिवस) याचा 'काळ' का झाला नाही? कारण तो 'काल'पासून आलेलाच नाही. तो आला 'कल्य'पासून, ज्याचा अर्थ पहाट. कल्य, कल्ल, काल. तिथे ल दुहेरी होता, म्हणून टिकला. तेलाचंही तेच, प्राकृतात ते 'तेल्ल' आहे. म्हणजे 'काल' आणि 'काळ' दिसायला सख्खे भाऊ, अर्थानेही जवळचे, तरी एकमेकांचे कुणी लागत नाहीत, आणि हे आपल्याला एका अक्षराच्या वागणुकीवरून कळतं! उलट 'शीतल' आणि 'शिळा' यांच्यात कुणाला नातं दिसणार नाही. एक कवितेत शोभतो, दुसरा ऐकून आपण नाक मुरडतो. पण मधला त गळला, ल चा ळ झाला आणि थंड पडलेलं ते शिळं झालं.

माझ्या मते व्युत्पत्तीची खरी किंमत इथे आहे. सारखं दिसतं म्हणून नातं मानायचं नाही, वेगळं दिसतं म्हणून नाकारायचं नाही. नियम काय सांगतो ते विचारायचं. ही सवय भाषेबाहेरही उपयोगी पडते.

तुमचे अनुभव, आक्षेप, आवडते शब्द, सगळं येऊ द्या.

वहिवाट

लेखन आवडलं, पण मूळ मुद्द्याशी असहमत. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, मुळातून नाही. 'शिक्षा' म्हणजे संस्कृतात शिकवण; मराठीत कुणाला शिक्षा झाली म्हटल्यावर तो काय शिकला असं आपण विचारत नाही. 'राग' म्हणजे मुळात रंग, आसक्ती. मराठीत मला राग आला म्हणजे राग आला, बस. 'मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये दूषित हवा. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात त्याचे परजीवी दाखवून दिले, तेव्हाच हवेचा संबंध संपला. नाव मात्र तेच राहिलं. मुळातला अर्थ धरून बसणारा माणूस चुकीच्याच ठिकाणी पोचेल.

आणि वादात तर हे फार होतं. "या शब्दाचा खरा अर्थ असा आहे" म्हणून व्युत्पत्ती समोरच्याच्या तोंडावर फेकायची. त्यापेक्षा ती न शिकलेली बरी.

पारंबी

वहिवाट, तुमचं पहिलं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मुळातला अर्थ हा 'खरा' अर्थ नसतो, तो फक्त आधीचा अर्थ असतो. पण हे आपल्याला कशामुळे कळलं? 'शिक्षा' कुठून निघाली आणि कुठे पोचली हे कुणीतरी तपासलं म्हणूनच ना? व्युत्पत्ती मुळाशी थांबली तर घातक, हे खरं. मुळापासून आजपर्यंतची वाट दाखवली तर तीच या वादाचं औषध आहे.

तुमचाच 'राग' घेऊ. रञ्ज् म्हणजे रंगणे. त्यातून रंग आणि राग दोन्ही. रंगात रंगणं म्हणजे आसक्त होणं, म्हणून 'अनुराग' आणि 'विराग'. मनाला चढलेला कुठलाही रंग, मग त्यातला तांबडा, तापलेला रंग तेवढा मराठीने ठेवला. जुनी कविता वाचताना 'राग' आला आणि तिथे आजचा संताप वाचला तर सगळी ओळ उलटी होते. म्हणजे आज बोलायला मूळ लागत नाही, पण जुनं वाचायला लागतंच.

आणि मलेरियाबद्दल: नाव चुकीचं आहे म्हणूनच ते मोलाचं आहे. लोक त्या तापाचं कारण काय समजत होते, याचा पुरावा त्या शब्दात जपून राहिला आहे. ऑक्सिजनचंही तसंच. लाव्हाझिएने ते नाव 'आम्ल घडवणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून दिलं, कारण सगळ्या आम्लांमध्ये तो असतोच असं त्याला वाटत होतं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अणूही नाही. शास्त्र पुढे गेलं आणि जुनी समजूत नावात राहून गेली.

निदान

मी वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा विषय हौसेचा नाहीच. सुरुवातीला शेकडो संज्ञा नुसत्या पाठ करत होते. मग एका सरांनी शब्द फोडायला शिकवलं. हायपोग्लायसेमिया: हायपो म्हणजे खाली, ग्लाय म्हणजे गोड, एमिया म्हणजे रक्तातलं. झाला अर्थ. आयटिस दिसलं की दाह, मग पुढे हेपॅट असेल तर यकृताचा, नेफ्र असेल तर मूत्रपिंडाचा, आर्थ्र असेल तर सांध्याचा. शंभरएक मुळं पक्की झाली की न वाचलेला शब्दही अर्धा कळतो.

फक्त हायपर आणि हायपो यांच्यात अजूनही घोळ होतो आणि तिथे घोळ चालत नाही. काही युक्ती आहे का, ताई?

पारंबी

युक्तीपेक्षा छान गोष्ट आहे. ग्रीक 'हायपर' हा आपल्या 'उपरि'चा भाऊ, आणि 'हायपो' हा 'उप'चा. उपरि, उवरि, वर. म्हणजे मराठीतलं 'वर' आणि तुमचं 'हायपर' मुळात एकच. आणि 'उप' म्हणजे जवळ, खालच्या बाजूला: उपप्रमुख, उपविभाग. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे उप. पुन्हा चुकणार नाही.

निदान

हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं!

त्रिज्या

गणित शिकवते, म्हणून गणितातला एक शब्द सांगते. 'साइन' मुलांना नेहमी परका, कोरडा वाटतो. समोरची बाजू भागिले कर्ण, एवढंच पाठ करतात. मी फळ्यावर वर्तुळाचा कंस काढते आणि म्हणते, हे धनुष्य. कंसाची दोन टोकं जोडणारी रेघ ही दोरी, म्हणजे ज्या किंवा जीवा. तिचा अर्धा भाग म्हणजे अर्धज्या. इसवी सन ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात आर्यभटाने याच अर्धज्यांची सारणी दिली. पुढे नुसतं 'ज्या' म्हणायची पद्धत पडली.

मग जीवा अरबीत गेली, 'जीबा' झाली. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि 'जीबा' या शब्दाला अरबीत अर्थही नव्हता. त्यामुळे ज-ब ही अक्षरं पुढे 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीजवळचा खोलगट भाग. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द घेतला, त्याचा झाला साइन. खिशाला आपण 'जेब' म्हणतो तोही हाच अरबी शब्द, फारसीतून आलेला.

गोष्ट संपेपर्यंत वर्गात चुळबुळ थांबलेली असते. पण मला गोष्टीपेक्षा ते धनुष्य महत्त्वाचं वाटतं. अर्धी दोरी डोळ्यांपुढे असली की कोन शून्य असताना साइन शून्य का आणि नव्वद अंशांना सगळ्यात मोठी का, हे सांगावंच लागत नाही. शब्दाच्या मुळाशी ती आकृती होतीच, मधल्या प्रवासात हरवली होती.

अनुस्वार

त्रिज्या, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा कळस आहे. वाचनखूण साठवली.

मी शुद्धलेखनाच्या बाजूने थोडं सांगतो, कारण रोज मजकूर तपासणं हेच काम. 'महत्त्व' दोन त ने की एका? 'नेतृत्व' किती त ने? नियम पाठ करणारे इथे हमखास अडखळतात. फोड केली की प्रश्नच उरत नाही. महत् अधिक त्व, म्हणजे मुळातला एक त आणि प्रत्ययातला एक: महत्त्व. तसंच तत् अधिक त्व: तत्त्व. व्यक्तिमत् अधिक त्व: व्यक्तिमत्त्व. पण नेतृ, मातृ, कवि यांच्या शेवटी त् नाही, म्हणून नेतृत्व, मातृत्व, कवित्व. 'उज्ज्वल' मध्ये दोन ज, कारण उत् अधिक ज्वल. 'अनसूया'चं 'अनुसया' सर्रास होतं. पण ते नाव अन् अधिक असूया आहे, जिच्या मनात असूया नाही ती. हे एकदा कळल्यावर हात चुकीचं लिहायला धजत नाही.

मायबोलीप्रेमी

चर्चा उत्तम चालली आहे, पण व्युत्पत्ती शिकल्यावर जे करायला हवं ते कुणीच बोलत नाही. दररोजच्या मराठीत परक्या शब्दांनी जागा अडवली आहे. कुठला शब्द बाहेरचा हे कळलं, की तो बाद करावा आणि आपला शब्द रुजवावा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो त्यासाठीच. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' हे शब्द दिले, ते आज सगळे वापरतात. मूळ शोधायचं आणि नुसतं कौतुक करत बसायचं, याला काय अर्थ?

अनुस्वार

तळमळ पोचली. रघुनाथपंत हणमंत्यांचा तो कोश हे फार मोठं काम आहे, आणि नवे शब्द घडवायला माझाही पाठिंबा आहे. 'दिनांक' मी रोज लिहितो. पण मनापासून विचारतो: तुमच्या प्रतिसादातलं 'दररोज', 'जागा' आणि 'बाद' काढलंत तर त्या वाक्यांचा जोर तेवढाच राहील का? पहिले दोन फारसी, तिसरा अरबी. ते तुमच्या लेखणीतून सहज उतरले, कारण ते तुमचेच आहेत. आता पगार, लिलाव, तुरुंग, घमेलं, परात बघा. सगळे पोर्तुगीज मुळाचे. घमेलं उचलणाऱ्या माणसाला ते परकं आहे असं सांगून पाहा.

पारंबी

अनुस्वार यांच्याशी सहमत, आणि यात आणखी एक भर. परके शब्द मराठीत येऊन नुसते बसून राहिले नाहीत, त्यांनी इथे संसार थाटले. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीत त्याचा 'नीस' झाला. फर्द, म्हणजे यादी, लिहिणारा तो फडणीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस. फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस. आज हे आडनावाने किंवा पदाने मराठीच आहेत, आणि एका प्रत्ययात त्या काळच्या दफ्तराची अख्खी बैठक दिसते. कोण काय लिहीत होतं, कोणत्या भाषेत लिहीत होतं, सगळं. हे शब्द पुसले तर तो पुरावाही जाईल.

शिवाय 'परका' कुणाला म्हणायचं हेही व्युत्पत्ती शिकल्यावर तितकं सोपं राहत नाही. 'हजार' फारसीतून आला, खरं. पण तो 'सहस्र'चाच भाऊ. इराणी भाषांमध्ये मूळच्या स चा ह होतो: सिंधूचं हिंदू, सप्तचं हफ्त, असुरचं अहुर. म्हणून 'सप्ताह' आणि कर्जाचा 'हप्ता' दोन्हींत तेच सात आहेत. 'युवन्' आणि 'जवान' हेही तसेच. दूर गेलेला भाऊ वेगळ्या बोलीत बोलत परत आला, त्याला दारातून हाकलायचं का?

मायबोलीप्रेमी

हजार आणि सहस्र यांचं नातं खरंच माहीत नव्हतं. माझं म्हणणं मात्र नव्याने घुसणाऱ्या शब्दांबद्दल कायम आहे. रुळलेल्यांना हात लावू नये, हे मान्य.

कुतूहल

मला एक वेगळी काळजी आहे. रोज कुणी ना कुणी व्युत्पत्तीचा संदेश पाठवतं. 'न्यूज' म्हणजे चार दिशांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं, अमुक इंग्रजी शब्द तमुक संस्कृत शब्दावरूनच आला, वगैरे. सगळं इतकं पटण्यासारखं असतं की खरं-खोटं कळत नाही. सामान्य वाचकाने ओळखावं कसं?

पारंबी

फार महत्त्वाचा प्रश्न. 'न्यूज'चं ते खोटं आहे. तो 'न्यू' म्हणजे नवं यावरूनच आला. आद्याक्षरांपासून शब्द घडवायची पद्धत बरीच अलीकडची, तेव्हा जुन्या शब्दाची अशी फोड दिसली की लगेच शंका घ्यावी.

मात्र पटणारी पण चुकीची फोड ही आजची गोष्ट नाही, आणि ती फक्त अडाण्यांकडूनच होते असंही नाही. ऋग्वेदात 'असुर' हे वरुणासारख्या देवांचंही विशेषण आहे. पुढे त्याचा अर्थ बदलून राक्षस झाला, आणि मग लोकांनी त्याची फोड अ अधिक सुर अशी केली. जो सुर नाही तो असुर! त्यातून देव या अर्थाचा 'सुर' हा शब्दच जन्माला आला. 'विधवा'चंही तसंच. लॅटिनमध्ये 'विदुआ', इंग्रजीत 'विडो'. शब्द मुळात अखंड. पण त्यातला 'वि' उपसर्ग समजला गेला आणि उरलेल्या 'धव'ला पती असा अर्थ मिळाला. फोड चुकली, पण त्या चुकीतून निघालेले शब्द खरे झाले, वाङ्मयात वावरले. मला हे विलक्षण वाटतं.

आणि शंका घेण्याची परंपराही आपलीच आहे. यास्काच्या 'निरुक्त' या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात हा वाद नोंदवलेला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासून निघाली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. त्याचा युक्तिवाद बघा: वाट व्यापणारा म्हणून घोड्याला अश्व म्हणायचं, तर वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणावं लागेल, टोचतं म्हणून गवताला तृण, तर टोचणारं सगळंच तृण. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा, तरी त्याने हा आक्षेप पूर्ण मांडला आणि मग उत्तर दिलं. व्युत्पत्तीचा संदेश पुढे ढकलण्याआधी गार्ग्याचा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुष्कळ.

ओळखायची खूण विचाराल तर एकच सांगेन. नुसतं साम्य दाखवलं असेल तर विश्वास ठेवू नका. तोच बदल इतर शब्दांत होतो का ते बघा. फारसी 'बद' (आपल्या बदनाममधला) आणि इंग्रजी 'बॅड', उच्चार जवळपास एक, अर्थ एक, आणि तरी काडीचा संबंध नाही. उलट 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' यांच्यात एकही अक्षर सारखं नाही आणि मूळ एक.

रानफूल

इतका वेळ वाचतेय. सगळी उदाहरणं संस्कृत, फारसी, ग्रीक. ज्या शब्दांचं मूळ यातल्या कशातच नाही त्यांचं काय? की त्यांना किंमत नाही?

पारंबी

बरं झालं काढलंत, नाहीतर मोठीच बाजू राहिली असती. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाला' हा कोशच अशा शब्दांसाठी केला, जे संस्कृतातून व्याकरणाने सिद्ध होत नाहीत. त्यांना बळेच संस्कृत बाप चिकटवण्यापेक्षा ते वेगळे नोंदवावेत, हा केवढा प्रामाणिकपणा! मराठीत असे शब्द विपुल आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच शब्दांचे धागे द्राविडी भाषांकडे जातात. 'तूप' कन्नडच्या 'तुप्प'शी जुळतो. 'अडकित्ता'मधलं 'अडके' म्हणजे कन्नडमध्ये सुपारी. अक्का आणि अण्णा तर आहेतच. घरातली नाती ज्या भाषेतून येतात तिच्याशी आपलं नातं किती आतलं असेल!

निदान

सुरुवात कुठून करू? एखादा कोश सांगाल का?

पारंबी

मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश', १९४६ चा. मग राल्फ टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश, १९६६ मध्ये पूर्ण झालेला. त्यात संस्कृत शब्द काढला की खाली मराठी, गुजराती, बंगाली, सिंधी अशी सगळी भावंडं एका ओळीत मिळतात. हा आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही जालावर शोधता येतात. एक शब्द दोन कोशांत बघायची सवय लावा. कुठे कुठे दोघांचं पटत नाही, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह असतं. ते प्रश्नचिन्ह वाचायला शिकणं हाही अभ्यासच.

वहिवाट

अर्थ वापरातूनच ठरतो, हे माझं मत तसंच आहे. पण आधी मी म्हणालो होतो की व्युत्पत्ती न शिकलेली बरी, ते मागे घेतो. गार्ग्य मला आवडला.

एक शब्द विचारतो. लोहार लोहकार, कुंभार कुंभकार, सोनार सुवर्णकार, हे कळतं. मग सुतार कुठून? लाकडाचा तर त्यात मागमूस नाही.

पारंबी

सूत्रधार. सूत्र म्हणजे दोरी; लाकडावर रेघ आखायला ती धरणारा कारागीर. संस्कृतात सूत्रधार म्हणजे सुतारही आणि नाटकाचा सूत्रधारही. नाटकवाल्याने शब्द जसाच्या तसा ठेवला. सुतारकामात तो पिढ्यान् पिढ्या बोलला गेला, म्हणून झिजून सुतार झाला.